दहा दिवस, सात नद्या आणि तीन लिटर पाणी

डिसेंबरात कळसूबाई ते भीमाशंकर असा घाटमाथ्यावरून चालत ट्रेक करून आले, आणि आल्यापासून सगळे विचारतायत की कसं वाटलं, कुठला गड भारी होता, फोटो टाक. फोटो टाकीन सावकाश. पण मला लिहायचंय ते रोजच्या दिवसाबद्दल, म्हणजे सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत आम्ही नक्की काय करत होतो, कारण वीकेंडच्या ट्रेकला हे कळतच नाही. वीकेंडला आपण घरचं पाणी घेऊन जातो आणि घरी येऊन आंघोळ करतो. चौथ्या-पाचव्या दिवशी मात्र डोक्यात फक्त तीन गोष्टी उरतात, पाय, भाकरी आणि पाणी, आणि त्यातही पाणी पहिलं.

आम्ही चौघं. मी, माझी कॉलेजची मैत्रीण, माझा मावसभाऊ (वय चोवीस, खांद्यावर कितीही वजन टाका कुरकुर नाही) आणि सर. सर म्हणजे आम्हाला शाळेत भूगोल शिकवायचे ते, आता एकसष्ट वर्षांचे आहेत, आणि हा रूट त्यांनीच आखला. त्यांची कल्पना अशी की नुसते गड जोडायचे नाहीत, नद्यांची उगमं जोडायची. उत्तरेकडून दक्षिणेला घाटमाथ्याच्या धारेवरून चालत गेलं की ओळीने प्रवरा, मुळा, पुष्पावती, कुकडी, मीना, घोड आणि भीमा या सात नद्या जिथे जन्मतात ते डोंगर एकामागून एक लागतात. उजव्या हाताला कोकणचा कडा, तिकडे पडलेला थेंब अरबी समुद्रात. डाव्या हाताला पडलेला थेंब पार बंगालच्या उपसागरात. हे दहावीला पाठ केलं होतं मी, पण रतनगडाच्या नेढ्यात, म्हणजे कातळाला आरपार पडलेल्या भोकात बसून दोन्हीकडे बघितलं तेव्हा पहिल्यांदा समजलं असं म्हणेन.

आता दिवस कसा असायचा ते सांगते.

साडेपाचला सर उठायचे. ते अलार्म लावत नाहीत, आपोआप उठतात, आणि त्यांच्या मॅटचा आवाज आला की आपण पण उठायचं हा अलिखित नियम. डिसेंबरात घाटमाथ्यावर दव इतकं पडतं की उघड्यावर झोपलो तर स्लीपिंग बॅगचं बाहेरचं कापड पिळून काढावं लागेल, त्यामुळे आम्ही शक्यतो छप्पर बघायचो, गडावर गुहा, गावात देवळाची ओसरी नाहीतर विचारून शाळेचा ओटा. उठल्यावर पहिलं काम चुलीचं. मावसभाऊ रात्रीच काटक्या सॅकखाली दाबून ठेवायचा म्हणजे त्या दवाने ओल्या होत नाहीत, ही युक्ती त्याला रतनवाडीच्या एका मामांनी सांगितली आणि पुढे रोज कामाला आली. मग चहा. दूध पावडरचा, आलं ठेचून, गूळ घातलेला. चहाला चार कप पाणी, एवढं मोजून, कारण सकाळी जे पाणी शिल्लक असतं त्यातच चहा, तोंड धुणं आणि वाटेतलं पिणं सगळं बसवायचं असतं. त्यातही तोंड धुणं आधी कटाप होतं.

नाश्त्याला पोहे किंवा आदल्या रात्रीची उरलेली भाकरी कुस्करून तेल-तिखट. साडेसातला सॅक पाठीवर. सॅकचं वजन सुरुवातीला माझं चौदा किलो होतं, त्यातलं तीन किलो नुसतं पाणी, तीन लिटर. हे तीन लिटर आमचं माणशी रोजचं गणित. दिवसभर चालताना थंडीतसुद्धा एवढं लागतंच, वर चढ असेल तर कमी पडतं. आणि पाण्याचं वजन कमी करता येत नाही, बाकी सगळं करता येतं. तिसऱ्या दिवशी कुमशेतला माझा एक जास्तीचा स्वेटर, टॉवेल आणि एक डबा मी एका मावशींकडे ठेवून दिला, त्यांनाच ठेवा म्हटलं, पण बाटल्या चारही राहिल्या.

पायांचं एवढंच सांगते की फोड येण्याआधी टेप लावायचा, आल्यावर नाही. दर दोन तासांनी बूट काढून मोजे सुकवायचे, हे आम्ही शेवटपर्यंत पाळलं आणि दहा दिवसांत चौघांत मिळून दोनच फोड आले. दुपारी साडेअकरा-बाराला जिथे सावली आणि पाणी दोन्ही असेल तिथे थांबायचं, सातू किंवा दशमी, गूळ-शेंगदाणे, आणि अर्धा तास पाठ टेकायची. मग चार-साडेचारपर्यंत मुक्काम गाठायचाच, कारण सहाला अंधार, आणि त्या दीड-दोन तासांत पाणी भरणं, लाकडं गोळा करणं, कपडे वाळत टाकणं, खिचडी लावणं सगळं असतं. साडेआठला सगळे झोपलेले. शहरात मी साडेआठला ऑफिसचे मेल बघत असते.

पहिला दिवस कळसूबाई. बारी गावातून चढलो, १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर, शिड्या आता मजबूत लोखंडी आहेत आणि रविवार नसल्यामुळे गर्दी नव्हती. वर कळसूबाईच्या छोट्या देवळापाशी वाऱ्याने उभं राहू देईना. खाली भंडारदऱ्याचा जलाशय दिसत होता, प्रवरेवरचं धरण, १९२६ साली पूर्ण झालेलं. उतरलो आणि तिथून जलाशयाच्या कडेने रतनवाडीपर्यंत मात्र जीप केली, तो भाग सगळा डांबरी रस्ता आहे आणि दिवस मोडला असता.

रतनवाडीचं अमृतेश्वर मंदिर संध्याकाळच्या उन्हात बघा कधीतरी. दगडात इतकी बारीक नक्षी की हात लावावासा वाटतो पण लावू नये. शेजारची पुष्करणी चौकोनी, पायऱ्यापायऱ्यांची. दुसऱ्या दिवशी रतनगडाकडे निघालो तेव्हा प्रवरा आमच्यासोबत होती, म्हणजे नदी म्हणून नाही, ओढा म्हणून, झाडीतून चढताना वाट तिला ओलांडत ओलांडतच जाते. धरणात समुद्रासारखं पसरलेलं तेच पाणी इथे माझ्या घोट्यापर्यंत होतं आणि इतकं गार की बाटली भरताना बोटं बधिर झाली. सरांनी तिथे आम्हाला काहीच सांगितलं नाही. फक्त उभे राहिले, हात जोडले आणि पुढे गेले.

रतनगडाच्या गुहेत रात्र काढली. गडावरची कातळात खोदलेली टाकी, त्यातलं एक पिण्याचं. टाक्याचं पाणी आम्ही आधी फडक्याने गाळायचो, मग उकळायचो, आणि घाई असेल तर क्लोरीनची गोळी टाकून अर्धा तास थांबायचो. मला ही टाकी बघताना दरवेळी एकच विचार यायचा. इथे पावसाळ्यात किती पाऊस पडतो, घाटघरसारख्या गावात पाच-पाच हजार मिलिमीटर, पण हा सगळा काळा बेसाल्ट, तो पाणी धरून ठेवत नाही, दिवाळी झाली की ओढे बारीक होतात आणि होळीपर्यंत बरेचसे संपतात. ज्यांनी गड बांधले त्यांना हे माहीत होतं म्हणून त्यांनी तटबंदीच्या आधी टाकी खोदली असणार, असं सर म्हणतात. टाक्यातून निघालेला दगड मग बांधकामाला वापरायचा. एका कामात दोन कामं.

कात्राबाईची खिंड हा माझा सगळ्यात आवडता टप्पा. रतनगडाच्या वाटेवर एक फाटा फुटतो तिथून आत शिरलं की दाट झाडी, ऊन जमिनीपर्यंत येत नाही, पायाखाली पाचोळा आणि दूर कुठेतरी माकडांची खसफस. वर खिंडीत कात्राबाईचं ठाणं, शेंदूर लावलेलं. पलीकडे उतरलो की एकदम मोकळं, आजोबाचा डोंगर समोर, आणि खाली कुमशेत. गावात भाताची झोडणी उरकत आलेली, खळ्यावर पेंढा रचलेला, आणि एका घरापुढे नाचणीची कणसं वाळत घातलेली. आम्ही शाळेच्या ओट्यावर राहायची परवानगी मागितली तर समोरच्या घरातल्या मावशी म्हणाल्या, "वट्यावर थंडी लागंल, पडवीत या." पडवीत आलो. मग जेवण त्यांनीच केलं. नाचणीची भाकरी, खुरासणीची चटणी आणि कुळथाचं कढण, आणि आम्ही पैसे पुढे केले तर आधी नको नको, मग मैत्रिणीने त्यांच्या नातवाच्या हातात ठेवले तेव्हा कुठे राहिले.

त्या मावशी हंडा घेऊन पाण्याला निघाल्या तेव्हा मी पण कळशी घेऊन सोबत गेले. विहीर दहा मिनिटांवर. मला वाटलं एवढंच तर आहे, पण येताना चढ, डोक्यावर हंडा आणि कमरेला कळशी घेऊन त्या गप्पा मारत चालत होत्या आणि माझा एका कळशीत दम निघाला. "ह्ये अजून बरंय," त्या म्हणाल्या. "मे महिन्यात ये, मंग दावते तुला." मे महिन्यात विहीर तळाला जाते, मग खाली नदीत झिरा उकरायचा, वाटीवाटीने पाणी भरायचं, एक हंडा भरायला पाऊण तास. हे त्या अगदी साध्या आवाजात सांगत होत्या, बस किती वाजता येते ते सांगावं तसं.

दुसऱ्या दिवशी आम्ही मुळेचं पात्र ओलांडून पेठेच्या वाडीवरून पाचनईकडे गेलो. मुळा इथे दगडांमधून डोहाडोहाने वाहते. आंघोळ केली. चार दिवसांनी आंघोळ म्हणजे काय सांगू, मी आणि मैत्रीण वरच्या डोहात, पुरुषमंडळी खाली वळणापलीकडे, साबण अजिबात नाही, कारण खालच्या वाडीला हेच पाणी प्यायला आहे. अंग इतकं हलकं झालं की पाचनईहून हरिश्चंद्रगडाची चढण कधी संपली कळलं नाही, ओढ्याच्या कडेकडेने, डोक्यावर झुकलेल्या कातळाखालून जाणारी ती वाट तशीही सुंदर आहे.

हरिश्चंद्रगडावर एक दिवस जास्तीचा ठेवला होता. केदारेश्वराच्या गुहेत लिंगाभोवती कमरेएवढं पाणी, चार खांबांपैकी एकच शाबूत, त्या पाण्यात उतरून प्रदक्षिणा घातली तर पाय सुन्न होतात. चांगदेवांनी याच गडावर तप केलं, इथेच तत्त्वसार लिहिलं. सकाळी कोकणकड्यावर गेलो. अर्धगोल कापून काढल्यासारखा कडा आहे, आतल्या बाजूला झुकलेला, आणि खालून वारा इतक्या जोरात येतो की कडेला पालथं झोपूनच बघायचं. १८३५ मध्ये कर्नल साइक्सला इथे इंद्रवज्र दिसलं होतं, म्हणजे पूर्ण गोल इंद्रधनुष्य. आम्हाला काही दिसलं नाही, धुकंच नव्हतं.

पण त्या दिवशी शनिवार होता, आणि शनिवारी संध्याकाळी गड भरला. त्याचं मला वाईट वाटत नाही, लोकांनी यावंच, पाचनईच्या कितीतरी घरांचं पोट त्यावर चालतं. वाईट वाटलं ते वेगळ्या कारणाने. एका मोठ्या ग्रुपची भांडी पिण्याच्या टाक्याच्या अगदी काठावर डिटर्जंट लावून धुतली जात होती, फेस टाक्यात जात होता, आणि ग्रुप घेऊन आलेला लीडर शेजारीच उभा होता. मी जाऊन सांगितलं. तो म्हणाला मॅडम एवढ्या पाण्यात काय होतंय. मला राग आवरेना, हात थरथरत होते माझे, कुमशेतच्या मावशींचा हंडा डोळ्यांपुढे आला. टाक्याचं पाणी वाहत नाही हो. जे पडलं ते तिथेच राहतं, पुढच्या पावसापर्यंत. सर मध्ये पडले, त्या ग्रुपमधल्या मुलांनाच त्यांनी शांतपणे समजावलं, आणि त्या मुलांनी मात्र ऐकलं, भांडी लांब नेली, राखेने घासली, दोघींनी तर सॉरी म्हटलं. तुम्ही कुठल्याही गडावर जा, एवढं करा, भांड्यात पाणी काढून घ्या आणि टाक्यापासून चांगलं लांब जाऊन धुवा, साबण नको, राख नाहीतर माती पुरते.

हरिश्चंद्रगडावर सरांनी अजून एक दाखवलं, आणि ते माझ्या डोक्यातून जातच नाही. हा डोंगर दोन खोऱ्यांमधला बांध आहे. उत्तरेच्या उतारावरचं पाणी मंगळगंगेतून मुळेला, मुळेतून प्रवरेला आणि प्रवरेतून गोदावरीला जातं. दक्षिणेचं पाणी पुष्पावतीला, तिथून कुकडी, घोड, भीमा असं करत कृष्णेला. म्हणजे पाच दिवस आम्ही गोदावरीचं पाणी प्यायलो आणि सहाव्या दिवशी टोलारखिंडीतून खिरेश्वरला उतरून जो हापसा मारला ते कृष्णेचं.

खिरेश्वर ते नाणेघाट हे थोडं चालत थोडं टेम्पोने, मधे कल्याणहून नगरला जाणारा हायवे आणि धरणाचं बॅकवॉटर आहे, चालण्यात मजा नाही. नाणेघाट मात्र चांगला निवांत बघितला. सातवाहनांच्या काळातला घाट, वर दगडी रांजण, गुहेत सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी शिलालेख, त्यात यज्ञांच्या दक्षिणेचे आकडे कोरलेले आहेत. पण मी सगळ्यात जास्त वेळ बसले ती गुहेच्या बाजूच्या पाण्याच्या टाक्यांपाशी. कोकणातून चढून आलेला व्यापारी, बैल, हमाल, सगळ्यांना वर आल्यावर पहिलं काय लागणार हे कोणीतरी दोन हजार वर्षांपूर्वी ओळखून कातळ फोडला. जुन्नरकडच्या जुन्या लेखांमध्ये टाक्याला पोढी म्हणतात, आणि पोढी दान दिल्याचे वेगळे लेख आहेत, असं सर म्हणाले. चढून आलेल्याला पाणी द्यावं यासाठी माणसाने आपलं नाव दगडात कोरावं, मला हे फार आवडलं.

आठवा दिवस अवघड गेला. घाटघरहून (हे जुन्नरचं घाटघर, आधीचं अकोले तालुक्यातलं) जीवधन किल्ला डावलून ढाकोबाच्या पठाराकडे निघालो. वाट दाखवायला एक मामा होते, त्यांनी पठारावर सोडलं आणि परत गेले, पुढचं आम्हाला जमेल असं वाटलं होतं. ढाकोबा झाला. त्यापुढे आंबे-हातवीजच्या दिशेने एक चांगली मळलेली वाट धरली, ती निघाली ढोरवाट. कारवीच्या झुडपांत शिरली आणि तिथे तिचे चार फाटे झाले. जीपीएसवर लाइन दिसत होती पण मधे दरी. अडीच वाजले होते, आणि चौघांत मिळून एक लिटर पाणी. त्या ऊन्हात एक लिटर बघून पोटात जो गोळा येतो तो मी पहिल्यांदा अनुभवला. कोणी काही बोलेना. सर म्हणाले बसा आधी, दोन-दोन घोट घ्या, आणि ऐका. आम्ही बसलो आणि खरंच ऐकत राहिलो, आणि पाच-सात मिनिटांनी खालून म्हशीच्या गळ्यातली घंटा ऐकू आली. तिकडे उतरलो. बारा-तेरा वर्षांचा मुलगा होता, सहा म्हशी घेऊन. त्याने पाणी कुठंय विचारायच्या आधीच ओळखलं, म्हशींच्या मागे चला म्हणाला, ह्या आता तिकडंच निघाल्यात. वीस मिनिटांवर झऱ्याचा एक छोटा डोह होता, आणि म्हशी उतरायच्या आत त्याने आम्हाला वरच्या बाजूला कातळातून ठिबकणारी धार दाखवली, पान लावून पन्हळ केलेलं होतं तिला. एक बाटली भरायला पाच मिनिटं लागायची. आम्ही बारा बाटल्या भरल्या, तासभर, आणि तो तोपर्यंत थांबला आमच्यासोबत. हे पाणी मीनेला जातं का विचारलं तर हो म्हणाला, आमचीच नदी ती.

नवव्या दिवशी दुर्ग नावाचा किल्ला, देवीच्या देवळाभोवतीची गर्द झाडी, आणि मग आहुपे. या पट्ट्यात हिरड्याची झाडं खूप, उन्हाळ्यात बाळहिरडा, म्हणजे त्याची कोवळी फळं, गोळा करून विकणं ही इथल्या महादेव कोळी घरांची मोठी कमाई. आहुप्याच्या कड्यावरून खाली गोरखगड-मच्छिंद्रगडाचे सुळके दिसतात. एका आजींच्या अंगणात चहा घेतला. त्यांनी विचारलं, "कुठून चालत आलीस गं बाय?" कळसूबाई म्हटल्यावर त्यांनी माझे पाय बघितले, मग आतून खोबरेल तेल आणून दिलं. मी त्यांना विचारलं उन्हाळ्यात पाणी असतं का, तर हसल्या. पाऊस आमच्याकडं आणि पाणी खाली, म्हणाल्या.

ते वाक्य घेऊन मी दहाव्या दिवशी भीमाशंकरच्या जंगलात चालत होते. भंडारदरा, पिंपळगाव जोगे, माणिकडोह, वडज, डिंभे, या प्रत्येक धरणाच्या डोक्यावरच्या गावातून आम्ही आलो होतो. खाली हिरवागार ऊस आहे, कारखाने आहेत, माझ्या मामाचं शेतही त्याच पाण्यावर आहे, मी त्यावर वाढलेली आहे. आणि जिथे हे पाणी पडतं तिथली बाई झिऱ्यात वाटी घालून बसलेली असते. याचं उत्तर माझ्याकडे नाही, पण वरच्या गावांत नवी टाकी, नवे बंधारे, झऱ्यांची डागडुजी हे काम अवघड नाही, सातवाहनांना जमलं तर आपल्याला का जमू नये.

जंगलात दोनदा शेकरू दिसलं, तांबूस अंग, लांब शेपटी, एका झाडावरून दुसऱ्यावर सरळ झेप. भीमाशंकरला दुपारी तीनला पोचलो. दर्शन झालं, भीमेच्या कुंडापाशी हात-पाय धुतले आणि मंचरची एसटी पकडली. मंचरहून पुण्याच्या गाडीत बसल्यावर सर लगेच झोपले, दहा दिवसांत पहिल्यांदा आमच्या आधी. राजगुरुनगरचा पूल आला तेव्हा मी त्यांना हलवून उठवलं. सर, भीमा. त्यांनी काच खाली केली. खाली अंधारात पाणी दिसत नव्हतं, नुसता गार वारा आला, आणि पूल संपेपर्यंत आम्ही दोघं बाहेर बघत राहिलो.